काठावरचे कपडे

नवऱ्याने टाकलेल्या बाईला गाव दोन कामं नेमून देतं. हळदीकुंकवाला सगळ्यांच्या शेवटी बसायचं, आणि कोणी "काही खबर?" म्हणून विचारलं की नुसती मान हलवायची. अमडापूरची अन्नपूर्णाबाई ही दोन्ही कामं इतकी वर्षं बिनबोभाट करत आली होती की बघणारे म्हणत, बाई मोठी धीराची. धीर कसला घेऊन बसलात! सारखं एकाच जागी टोचलं की ती जागा बधिर होते, एवढंच झालं होतं. सणाची पुरणपोळी काय आणि कालची भाकर काय, तिच्या जिभेला फरक कळत नव्हता. सकाळी उठावं, अंगण झाडावं, कपाळाला कुंकू लावावं, नवऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घालाव्यात आणि कामाला लागावं. त्या शिव्या तेवढ्या मनापासून असत.

नवरा म्हणजे पुंजाजी. तो कसा गेला हे गावातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं, कारण त्याचा लंगोटीयार हिंमतराव ती गोष्ट ज्याला त्याला सांगत आला होता.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. पंचायत समित्या निघाल्या होत्या आणि समितीच्या साहेबांना शेतकऱ्याला शहाणं करून सोडायची भारी हौस होती. म्हणून त्यांनी शेतकऱ्यांची एक सहल काढली. धरण बघा, नारळाच्या वाड्या बघा, शेवटी देवबंदरला समुद्र बघा आणि या घरी. देवबंदर म्हणजे कोकणातलं एवढंसं जुनं गाव. पाण्यात उभा किल्ला, किनाऱ्याच्या टोकाला काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, मागे सुरूचं बन आणि समोर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला विहिरीला चार हात पाणी लागलं तरी तो नारळ फोडतो. तिथं तर सगळे वेडेच झाले. धोतरं सोडून लंगोटीवर पाण्यात उतरले. पुंजाजी पट्टीचा पोहणारा. बाकीचे दमून निघाले, कपडे घालून खानावळीत जेवायला गेले, तर हा म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी आलोच."

जेवणं उरकली तरी पुंजाजीचा पत्ता नाही. हिंमतराव त्याला हाक मारायला गेला. काठावर पाहतो तर कपडे नाहीत. आता नदीचा कायदा काय सांगतो? कपडे काठावर, तर माणूस पाण्यात. कपडे नाहीत, तर माणूस निघून गेला. पैनगंगेवर आंघोळ करणाऱ्या कोणालाही विचारा. हिंमतराव तसाच मागे फिरला. बाजार पालथा घातला, देऊळ पाहिलं, येष्टीचा स्टँड पाहिला. संध्याकाळी चौकीवर गेले तर जमादाराने विचारलं, पाण्यात होता का? हिंमतराव म्हणाला, "होता, पण निघाला साहेब. कपडे घालून गेला." मग पाण्यात कोण कशाला शोधतंय?

आणि पुंजाजी आदल्याच दिवशी नारळाच्या वाडीत म्हणाला होता, "लेका, इथंच राहून जावं वाटते." झालं! लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, ते सगळ्यांना माहीत होतंच. गावाने दोन अधिक दोन केले आणि उत्तर अन्नपूर्णाबाईच्या कपाळावर लिहून टाकलं. नवरा कोकणातली बाई करून राहिला.

तिने तरी दुसरं काय मानायचं? तिनेही तेच मानलं.

घरात दोघीच. ती आणि तिची सासू तानुबाई. तानुबाई मोठी वस्ताद म्हातारी. सून टाकलेली आहे याची तिला लाज होती, पण त्याच गोष्टीत तिचा पोरगाही जिवंत होता ना! म्हणून तिने ती गोष्ट पोटच्या लेकरासारखी वाढवली. पुंजाजीची तिथं नारळाची वाडी आहे, कौलारू घर आहे, दारात बैल आहेत. एक चिंता तेवढी तिला खात असे. "घर माळकऱ्याचं, अन् तिथं त सारे मासोळ्या खाते म्हणते. माह्या पोट्ट्यानं खाल्ली असंन का वं मासोळी?" अन्नपूर्णाबाई म्हणे, "असंन खाल्ली." मग म्हातारी दिवसभर तिच्याशी बोलत नसे.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढच्या साली तूर-ज्वारी बरी झाली आणि ग्रामसेविका सिंधूताईंनी महिला मंडळाची सहल काढायचं मनावर घेतलं. कुठं जायचं? शेगाव सगळ्यांनी पाहिलेलं. तर म्हणे देवबंदर. आता तिथं खूप सुधारणा झाली आहे, मुंबई-पुण्याची माणसं हवा खायला येतात. ते नाव ऐकताच बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून अन्नपूर्णाबाईकडे.

ती नाहीच म्हणणार होती. पण तानुबाई हट्टाला पेटली. जवसाची चटणी कुटली, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि सुनेच्या हातात कोंबली. "त्याले दे. लहानपणापासून आवडते त्याले. अन् म्हणा, मी रागावली नाई. नुसतं एकदा तोंड दाखवून जाय."

अन्नपूर्णाबाई गेली ती चटणी पोचवायला नाही. तिला एकच विचारायचं होतं. भर बाजारात त्याला अडवायचं आणि विचारायचं, माझ्यात काय कमी होतं? बस. मग तो काही का म्हणेना. मेलेल्याची बायको रडून मोकळी होते, दहावं-तेरावं होतं, लोक दारात येऊन बसतात. टाकलेलीच्या दारात कोणी येत नाही. तिला एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं आणि सुटायचं होतं.

देवबंदर खरंच सुधारलं होतं. स्टँडपासून किनाऱ्यापर्यंत दोन्ही हातांना दुकानं. शिंपल्यांच्या चौकटीतले आरसे, शंखावर नाव कोरून देणारे, कोकमाचं सरबत, शहाळी. 'सागरदर्शन', 'किल्ला व्ह्यू' अशा पाट्यांची लॉजं. वाळूवर घोडागाडी. एका पडद्यावर जहाज रंगवलेलं आणि त्याच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढून घेत होते. खरा समुद्र पाठीमागे, आणि फोटो रंगवलेल्या जहाजाशी! "काय माणसं हायेत बापा," सोजराबाई म्हणाली. ही सोजराबाई म्हणजे अन्नपूर्णाबाईची शेजारीण, सहलीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. मग तिनेही त्या जहाजाशी फोटो काढून घेतला.

समुद्र म्हणजे देव. देवाजवळ चपला घालून जायचं नाही. बायांनी पाण्याच्या अगदी कडेला, देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा चपला ओळीने काढल्या, पिशव्या त्यांच्यावर ठेवल्या. हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला. आणि मग अनवाणीच, वाळू तुडवत, किनाऱ्याच्या टोकाच्या महादेवाला निघाल्या. अन्नपूर्णाबाई सिंधूताईंना म्हणाली, "मी बाजारात जाऊन येतो." सिंधूताईंनी तिचा हात क्षणभर धरला आणि सोडला.

पुरचुंडी हातात घेऊन ती दुकानामागून दुकान हिंडली. पुरुषांच्या तोंडाकडे असं उघड उघड तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आज तिला त्याची शरम वाटली नाही. शहाळी सोलणारे पाहिले, घोडागाडीवाले पाहिले, जाळी विणणारे पाहिले. एका वखारीत पाठमोरा माणूस पोतं उचलत होता, खांदे थेट पुंजाजीचे. ती जाऊन उभी राहिली. तो वळला. भलताच कोणी होता. "काय पाहिजे बाई?" "काई नाई," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपलं काळीज तोंडाशी येईल, पण तसं काही झालं नाही. दुसऱ्याच कोणासाठी आल्यासारखी ती परत किनाऱ्याकडे निघाली.

लांबूनच सोजराबाईची बोंब ऐकू आली. "चोरी झाली वं माय! चपला गेल्या! माह्या पिशवीत गुळाच्या दशम्या होत्या! काय मेले चोर हायेत इथले, दशम्याही सोडल्या नाईत!" बाया कमरेला पदर खोचून उभ्या, आणि सगळ्या मिळून कोकणाच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला.

चहाच्या टपरीवाली कोळीण कमरेवर हात ठेवून हसत होती. "चोर कसला बायांनो! भरती आली. कुठं ठेवल्या होत्या चपला?"

"तिथं. पाण्याच्या काठावर."

"मग तो काठ आता राहिला कुठं? पाणी चढलं ना!" तिने हाताने समुद्रात दाखवलं. तिथं, लाटांच्या पलीकडे, एक चप्पल वरखाली होत होती. "रोज येतं न् रोज जातं. तुम्ही वरच्या मुलखातली माणसं नदीवर ठेवल्यासारखं ठेवता. कपडे, चपला, पिशव्या. दरसाल कोणाचं ना कोणाचं जातंच."

बाया त्या चपलेकडे पाहून हसत सुटल्या. सोजराबाई तर हसता हसता वाळूतच बसली. "समुद्रानं दशम्या खाल्ल्या वं माय! घे बापा, देवालेच पोचल्या!"

अन्नपूर्णाबाई हसली नाही. तिने कोळिणीला विचारलं, "कपडेही जाते का?"

"कपड्यांचं काय घेऊन बसलात, होड्या जातात."

"दगड ठेवला असंन वर, तरी?"

"दगडाचं काय चालतंय त्याच्यापुढं?"

ती जरा लांब जाऊन उभी राहिली. पाण्यापासून चार हात अंतरावर, कोरड्या वाळूत तिने ती चटणीची पुरचुंडी ठेवली. आणि बघत बसली. एक लाट अलीकडेच थांबली. दुसरी थांबली. मग एक आली ती पुरचुंडीला नुसती शिवून गेली. त्यानंतरच्या लाटेने ती उचलली, थोडी फिरवली आणि घेऊन गेली. कुठं खूण राहिली नाही. वाळू तशीच्या तशी, ओली आणि सारखी.

म्हणजे कपडे असे गेले. हिंमतराव आला तेव्हा काठावर कपडे नव्हते, कारण तो काठच नव्हता. आणि माणूस तेव्हा पाण्यात होता.

पुंजाजी तिला टाकून कुठंही गेला नव्हता. "मी आलोच" म्हणाला होता आणि तो खरंच येणार होता.

आता रडू येईल म्हणून ती वाट पाहत बसली. आलं नाही. एवढंच मनात आलं की रोज सकाळी आपण ज्याला शिव्या घातल्या तो माणूस कधीचाच मेलेला होता, आणि त्याच्या नावाने कोणी ओंजळभर पाणीही सोडलं नाही. त्या शिव्यांवर तिचे दिवस निघत होते. आता उद्या सकाळी काय करायचं, हे तिला कळेना. सिंधूताईंनी हाक मारली तशी ती उठली, अनवाणी बायांच्या रांगेत अनवाणीच चालू लागली. बाजारात जायचं म्हणून तिने चपला काठावर काढल्याच नव्हत्या; त्या आता तिने पायातून काढून हातात घेतल्या होत्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. परतीच्या येष्टीत बायांनी गाणी म्हटली. तीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

घरी पोचली तेव्हा तानुबाई दारातच बसलेली. पाय धुवायला पाणीसुद्धा न देता म्हातारीने विचारलं, "पुरचुंडी?"

"दिली," अन्नपूर्णाबाई म्हणाली. थकली होती. तोंडाला जे आलं ते बोलली, आणि तसं ते खोटंही नव्हतं.

"त्यानं घेतली?"

"घेतली."

म्हातारीचा चेहरा असा काही उजळला की अन्नपूर्णाबाईला पुढचं वाक्य सापडेना. सगळ्या वाटेने तिने ते वाक्य जुळवून आणलं होतं. आत्याबाई, तुमचा पोरगा गेला, त्याच दिवशी गेला. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तानुबाई हातावर हात चोळत होती. "मले माहीत होतं! मले माहीत होतं माय! कसा हाय? वाळला त नाई?"

"बरे हायेत."

"पोट्टेपाट्टे?"

इथं थांबता आलं असतं. पण एकदा पाय घसरला की माणूस खालीच जातो. "दोन," ती म्हणाली. "पोरगा अन् पोरगी."

तानुबाईने दोन्ही हात जोडून टेकडीवरच्या देवीच्या दिशेने कपाळ जमिनीला टेकवलं. मग उठून बसली, डोळे पुसले आणि सुनेकडे निरखून पाहिलं. "मंग खोट तुह्याच कुशीत होती म्हणायची."

"असंन," अन्नपूर्णाबाई म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंकवाची डबी उघडली आणि तशीच बसून राहिली. मेलेल्या नवऱ्याचं कुंकू लावायचं म्हणजे पाप, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आतून म्हातारी पाहत होती. तिने कुंकू लावलं. पाप लागलं असेल तर लागलं. शिव्या मात्र त्या दिवशी घालता आल्या नाहीत, आणि ती बराच वेळ झाडू हातात धरून अंगणात उभी होती.

तानुबाईच्या तोंडात तीळ भिजणार होता थोडाच? दुपारपर्यंत गल्लीभर झालं. पुंजाजी सापडला, दोन लेकरं आहेत, नारळाची वाडी आहे. सहलीतल्या बाया चकित झाल्या. पण अन्नपूर्णाबाई एकटीच बाजारात गेली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग खोटं कोण म्हणणार? संध्याकाळी हिंमतराव आला.

ती ओट्यावर सूप घेऊन डाळ निवडत होती. तो अंगणातच उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली. हिंमतराव आता पिकला होता, पण त्याचे डोळे लहान पोराचे असावेत तसे भरले होते.

"वहिनी, खरंच भेटला?"

ती डाळ निवडत राहिली.

"एक सांगतो तुमाले. आजवर कोणाले सांगलं नाई. त्या दिवशी मी पाण्याकडं पाह्यलंच नाई. कपडे नाई दिसले, तसाच मांघारी फिरलो. घरी आल्यावर मनात येये, एकदा नजर त टाकाले पायजे होती. हाक त माराले पायजे होती. म्हून त मी साऱ्याईले सांगत फिरलो, गेला तो, गेला तो. सांगून सांगून मलेच खरं वाटाले पायजे ना! नदीवर हात धुतो तरी छाती धडधडते माही." त्याने टोपीने डोळे पुसले. "आज सुटलो, वहिनी. आज झोपीन मी."

गप्प बसायला तिचं काय जात होतं? म्हातारीला दिलं तसं यालाही देऊन टाकायचं. तिला त्याचा राग आला होता असंही नाही. राग असता तर बरं झालं असतं. पण ते एवढं मोठं आणि ती एकटी. पुंजाजी मेला आहे हे जगात आणखी एका माणसाला तरी ठाऊक असायला हवं होतं.

"भाऊजी," ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "तिथलं पाणी एका जागी राहत नाई."

"कोणतं पाणी?"

"समुद्राचं. रोज वर येते अन् मांघारी जाते. आमच्या बायाईनं काठावर चपला ठेवल्या होत्या. देवळात जाऊन येते तं तिथं कमरेएवढं पाणी. चपला गेल्या साऱ्या."

"हो का?" हिंमतराव हसला. "पाह्य बरं! आमाले काय माहीत..." आणि तिथंच त्याचं हसणं थांबलं. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग हळूहळू ओट्याच्या कडेला हात टेकून खाली बसला.

"कपडे," तो म्हणाला.

"हाव."

"मंग मी आलो तवा तो..."

"हाव, भाऊजी."

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. "मंग काकूले तुमी काऊन..."

"त्यायले पोरगा पायजे होता."

तेवढ्यात आतून काठी टेकत तानुबाईच आली. हातावर गुळाचा मोठा खडा. "हिंमत आला का? घे रे बापा, तोंड गोड कर. दोन पोट्टे हायेत माह्या पुंजाजीले! अन् हे गावचे लोक मांघून काय काय बोलत होते, मले ऐकू येत नोतं का? एक तूच खरा निघाला. तू तवाच म्हटलं होतं का नाई?"

हिंमतरावाने अन्नपूर्णाबाईकडे पाहिलं. ती सूप पाखडत होती. म्हातारीने गूळ त्याच्या तोंडात कोंबला आणि उत्तरासाठी वाकून उभी राहिली.

"हाव काकू," तो म्हणाला. "मी तवाच सांगलं होतं. कपडे घालून गेला तो."

"पाह्य!" तानुबाई म्हणाली. "वं अन्नपूर्णा, बसली काय? च्या ठेव नं त्याच्यासाठी."

अन्नपूर्णाबाई उठली. हिंमतरावाच्या गालात गुळाचा खडा तसाच होता, त्याला तो ना चावता येत होता ना गिळता. तिने निवडलेली डाळ डब्यात ओतली आणि ती चहा ठेवायला आत गेली.